टँकर गळत असताना जवान नुसते उभे का राहतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रसायनाचा टँकर उलटल्याच्या बातमीत एक तक्रार हमखास असते: गाड्या वेळेत आल्या, पण जवान बराच वेळ लांबच उभे राहिले. सोबत छायाचित्र, त्यात हेल्मेट घातलेले चार जण दुर्बिणीतून बघताहेत. वाचणाऱ्याच्या मनात येते, यांना काय बघायला बोलावले होते? घराला आग लागते तेव्हा एकेका मिनिटाचा हिशोब असतो, आणि अग्निशमन म्हटले की लोकांना तेच आठवते. विषारी गळतीत त्याच सवयीने पळत पुढे गेलेला जवान पुष्कळदा पुढचा रुग्ण ठरतो. मग त्याला बाहेर काढायला आणखी दोघे लागतात. त्या ‘उभे राहण्याच्या’ अर्ध्या-पाऊण तासात काय चालते आणि त्यातले काही गाळले तर काय बिघडते, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

सुरुवात गाडी कुठे लावायची इथपासून होते. वारा पाठीवर, जमीन चढाची, आणि जवळ ओढा-नाला असेल तर प्रवाहाच्या वरच्या अंगाला. हे तिन्ही एकत्र क्वचितच जुळते. नाही जुळले तर पहिला मान वाऱ्याला. पदार्थ कोणता ते कळेपर्यंत सगळ्या बाजूंनी किमान १०० मीटर मोकळे ठेवायचे. एलपीजीचा टँकर आगीत सापडला असेल तर हेच अंतर १,६०० मीटर होते. अंतर मोजत बसायला वेळ नसतो, म्हणून एक जुनी युक्ती वापरतात. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरायचा. सगळा अपघात त्या अंगठ्याआड झाकला जात नसेल, तर आपण फार जवळ आलो आहोत. गाडीचे तोंड परतीच्या दिशेला ठेवायचे. ज्वलनशील वाफेत गाडी घातली तर ठिणगीची भीती असतेच, शिवाय डिझेल इंजिन ती वाफ हवेबरोबर आत ओढते, आपोआप वेग घेत जाते आणि चावी फिरवूनही बंद होत नाही.

मग दुर्बीण. ती गमतीसाठी नसते. टँकरवरच्या फलकावर पदार्थाची ओळख सांगणारा चार आकडी यूएन क्रमांक असतो: क्लोरीन १०१७, अमोनिया १००५, पेट्रोल १२०३. ज्या देशांत हॅझकेम, म्हणजे तातडीने काय करायचे ते फलकावरच लिहिण्याची पद्धत आहे, तिथे त्याच फलकावर एक छोटा संकेतही असतो आणि तो वाचता येणे म्हणजे अर्धी लढाई. पहिला आकडा विझवण्याचे माध्यम सांगतो: १ जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फेस, ४ कोरडे माध्यम, म्हणजे पाणी लावायचेच नाही. पुढचे अक्षर पी, आर, एस, टी यांपैकी असेल तर पदार्थ भरपूर पाण्याने पातळ करून वाहू दिला तरी चालतो. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर तो अडवून ठेवायचा, गटारात जाऊ द्यायचा नाही. शेवटी ई असेल तर आसपासची माणसे हलवण्याचा विचार लगेच करायचा. पेट्रोलचा संकेत ३वायई, क्लोरीनचा २एक्सई. या एक्समध्ये आणखी एक सूचना दडलेली आहे: नेहमीचा आगीचा पोशाख चालणार नाही, पूर्ण रासायनिक सूट हवा.

फलकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हेही तितकेच खरे. माल बदलतो आणि फलक जुनाच राहतो. ‘रिकामा’ म्हणून परत चाललेल्या टाकीत तळाचा द्रव आणि वाफ शिल्लक असते. म्हणून टाकीचा आकार बघायचा: दोन्ही टोके घुमटासारखी फुगीर असतील तर आत दाबाखालचा वायू असण्याची शक्यता मोठी, आडवा छेद लंबगोल असेल तर बहुधा साधा द्रव. केबिनमधली कागदपत्रे हवीत, आणि त्याहून जास्त हवा चालक. घाबरून लांब जाऊन बसलेल्या त्या माणसाला माल कोणता, कुठे भरला, झडप कुठल्या बाजूला, हे सगळे माहीत असते. पण त्याला शोधण्याऐवजी लोक त्याला मारायला धावतात.

१२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनमधल्या थ्यानजिन बंदरातल्या रसायनांच्या गोदामात आग लागली. आत काय साठवले आहे याचे नेमके चित्र हाती नसताना पथके कामाला लागली होती. नंतरच्या स्फोटांत १६५ जण मृत्युमुखी पडले आणि ८ जण सापडलेच नाहीत. मृतांमध्ये निम्म्याहून अधिक अग्निशामक होते.

आता वायूच्या स्वभावाकडे. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड. तो खड्ड्यात, तळघरात, गटारात, रस्त्याच्या सखल वळणावर साचतो. द्रव क्लोरीनच्या एका लिटरपासून साधारण साडेचारशे लिटर वायू होतो. त्याची जिवाला तातडीच्या धोक्याची पातळी १० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग, मानतात. हा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो, म्हणून हिशोब करून पाहू. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ५ मीटर उंच सभागृहात एक हजार घनमीटर हवा असते. तिथे १० पीपीएम होण्यासाठी फक्त १० लिटर वायू पुरतो, म्हणजे जेमतेम २०-२२ मिलिलिटर द्रव. चार-साडेचार चमचे. आणि क्लोरीनच्या एका टोनरमध्ये, म्हणजे मोठ्या आडव्या सिलिंडरमध्ये, सुमारे ९०० किलो भरलेले असते.

अमोनियाचे उलट. पुस्तकात तो हवेपेक्षा हलका, पण दाबाखालून बाहेर उसळताना तो उणे ३३ अंशाच्या आसपासचे थंड तुषार होऊन येतो आणि पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो. ‘हलका आहे, वर जाईल’ म्हणणाऱ्याची तिथेच फसगत होते. रात्री आणखी एक भर पडते. जमीन थंड, हवा स्थिर, वर-खाली मिसळण बंद. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने माणसे हलवण्याचे अंतर दिवसापेक्षा रात्री मोठे धरतात. रात्री दोन वाजता लांबच्या वस्तीचे दार वाजवणारा जवान उगाच घबराट पसरवत नसतो.

पोशाखाबद्दल समज फार कमी आहे. आगीत जाणारा जाड कोट उष्णतेसाठी असतो. रसायनाचे थेंब तो स्पंजसारखे शोषतो आणि कातडी पट्टे, बूट ते दिवसेंदिवस सोडत राहतात. विषारी वायूसाठी नखशिखान्त बंद, वायुरोधी सूट लागतो, बीए सेट, म्हणजे पाठीवरची हवेची बाटली आणि मास्क, त्याच्या आत. केवळ शिंतोड्यांचा धोका असेल तर हलका सूट पुरतो, पण श्वसनाला बाटलीतलीच हवा. गाळणीचा मास्क तेव्हाच चालतो, जेव्हा वायू कोणता, त्याचे प्रमाण किती आणि ऑक्सिजन पुरेसा आहे, हे तिन्ही माहीत असते. पहिल्या तासात हे तिन्ही क्वचितच माहीत असते. सगळ्या रसायनांना पुरून उरणारे कापड कुठेच मिळत नाही. सूट फाटला नाही, वितळला नाही, तरी रसायन रेणू-रेणूने त्यातून झिरपते. आरपार यायला लागणारा वेळ उत्पादकाच्या तक्त्यात दिलेला असतो आणि एकाच सुटासाठी तो एका रसायनाला आठ तास, दुसऱ्याला चार मिनिटे असू शकतो. तो तक्ता वाचणे हेही त्या ‘उभे राहण्यात’ मोडते. सूट विकत घ्यायचा आणि त्यात हवा भरून गळती तपासण्याचा संच मात्र घ्यायचा नाही, हा प्रकार आमच्या मते सूट नसण्यापेक्षा वाईट, कारण खोटा धीर येतो.

शिवाय हा सूट आगीपुढे दुबळा. १७ सप्टेंबर १९८४ रोजी अमेरिकेत लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट इथे एका शीतगृहात अमोनियाची गळती थांबवायला दोन जवान वायुरोधी सूट घालून आत गेले. साचलेल्या अमोनियाने पेट घेतला आणि त्यातला एक जवान गेला. अमोनिया जळत नाही असा समज अजूनही आढळतो. हवेत साधारण १५ ते २८ टक्के झाला की तो जळतो. मोकळ्यावर इतके प्रमाण टिकत नाही, बंद खोलीत टिकते. म्हणून आत शिरण्याआधी वायुवीजन, वीजपुरवठा बाहेरून तोडणे आणि वायू मोजणारा मीटर.

मीटरचीही एक मेख आहे. ज्वलनशीलता मोजणारा मीटर स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे वायू पेटू शकतो त्या किमान प्रमाणाच्या, १० टक्क्यांवर ओरडतो आणि तिथे माघार घ्यायची, हा नियम. अमोनियाची ती मर्यादा १५ टक्के, म्हणजे दीड लाख पीपीएम. त्याचे १० टक्के म्हणजे १५ हजार पीपीएम, आणि माणसाला तातडीचा धोका ३०० पीपीएमलाच. मीटर तोंड उघडतो तेव्हा विषाची पातळी पन्नास पट ओलांडलेली असते. स्फोटाचा मीटर शांत आहे म्हणजे हवा ठीक, असा अर्थ काढणे जिवावर बेतू शकते. तोच मीटर मिथेन किंवा पेंटेनवर जुळवलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या वायूला दुरुस्तीचा गुणक लावावा लागतो. ऑक्सिजन फार घटला तर तो खरे सांगतच नाही.

ऑक्सिजनच्या आकड्याकडे तर फारच थोडे जण नीट बघतात. स्वच्छ हवेत २०.९ टक्के. तो २०.८ झाला तर ‘०.१चा फरक, काही नाही’ असे वाटते. पण ऑक्सिजन हवेचा पाचवा हिस्सा, म्हणजे त्याची ०.१ टक्का जागा जाते तेव्हा हवेची ०.५ टक्का जागा दुसऱ्याच कुणीतरी घेतलेली असते: पाच हजार पीपीएम. विषारी वायूंच्या बाबतीत ही पातळी पुष्कळदा प्राणघातक असते. बाष्पशील सेंद्रिय पदार्थांसाठीचा प्रकाश-आयनन मीटर, म्हणजे पीआयडी, हाताशी असेल तर त्याचा नेहमीचा १०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दिवा क्लोरीनला बघूच शकत नाही, त्याला ११.४८ लागतात. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे ओली केलेली पीएच पट्टी, काठीच्या टोकाला चिकटवून पुढे धरलेली. आम्ल किंवा अल्कलीची वाफ मीटरचे सेन्सर खराब करते, म्हणून पट्टी आधी, मीटर मागून. आणि नाकाला या यादीत जागा नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्याचा वास १०० पीपीएमच्या आसपास येणेच बंद होते, कारण वास घेणारी नस बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून मॅनहोलमध्ये उतरलेली माणसे अशीच दगावतात.

आत जाण्याचा वेळ हवेवर ठरतो. ६.८ लिटरची बाटली ३०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाला भरली तर सुमारे २,००० लिटर हवा. शांतपणे काम करणारा मिनिटाला ४० लिटर घेतो, म्हणून ‘५० मिनिटांची बाटली’ असे सरसकट बोलले जाते. बंद सुटात, उकाड्यात, झडप पिळताना तोच माणूस मिनिटाला ६० लिटर ओढतो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजते तो ५० बारचा साठा राखीव धरला तर हाताशी उरली १,७०० लिटर. म्हणजे २८ मिनिटे. त्यातून चालत जायला पाच, परत यायला पाच, आणि धुऊन सूट उतरेपर्यंत सात-आठ. गळतीपाशी हाताने काम करायला दहा मिनिटे उरतात. धुण्याची मिनिटे या हिशोबात धरायची राहून जातात, आणि मग साबणाच्या फेसात उभ्या असलेल्या जवानाची हवा संपत आलेली असते. त्याने तिथे मास्क काढला तर आतापर्यंतची सगळी काळजी फुकट.

म्हणून क्रम असा: धुण्याची जागा तयार होईपर्यंत कुणीही आत जात नाही. आत जातील ते दोघे, एकटा कधीच नाही. बाहेर तसेच सूट चढवून, फक्त हवा सुरू न करता, आणखी दोघे तयार. आत जाणाऱ्यांची नाडी, रक्तदाब, तापमान आधी नोंदवतात. सुटातून घाम बाहेर पडत नाही. विषाच्या आधी उष्णतेनेच माणूस कोसळण्याची भीती जास्त. बाहेर आल्याबरोबर नाडी ११०च्या वर असेल तर पुढची फेरी एक तृतीयांशाने कमी करायची.

पाणी मारण्याबद्दल लोकांचा आग्रह सर्वांत जास्त असतो. गळणाऱ्या क्लोरीनच्या टोनरवर पाणी मारू नये. पाण्याशी त्याचे आम्ल बनते आणि सुईएवढे छिद्र बोटाएवढे होते. शिवाय स्वतःच थंड होऊन मंदावत चाललेल्या द्रवाला पाणी उष्णता पुरवते. तिथे युक्ती वेगळी: गळतीचे ठिकाण वर येईल असा टोनर फिरवायचा, म्हणजे द्रवाऐवजी वायू गळेल आणि बाहेर पडणारे वजन कितीतरी घटेल. मग झडपेवर टोपी आणि गॅस्केट असलेला आपत्कालीन संच. अमोनिया मात्र पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून ढगाच्या वाटेत बारीक फवाऱ्याचा पडदा उपयोगी पडतो. पण साचलेल्या द्रव अमोनियावर तेच पाणी पडले तर तो उकळून उठतो. पडद्याचे पाणीही जहाल अल्कली असते. ते ओढ्यात गेले तर दुसऱ्या दिवशी मासे वर तरंगतात. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री पाण्याचे फवारे लावले गेले, पण वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत ते पोचलेच नाहीत. पडदा हवा तिथे, हव्या त्या उंचीवर उभा राहील का, हे आधी तपासायचे असते. सोडियम, कॅल्शियम कार्बाइड, ओलियम, अॅल्युमिनियम फॉस्फाइड यांच्याजवळ तर पाण्याचा पाइप उघडणे म्हणजेच नवा अपघात.

सांडलेल्या आम्लावर ‘सोडा टाका’ हा सल्लाही अर्धाच बरोबर. ९८ किलो सल्फ्युरिक आम्लाला १०६ किलो सोडा ॲश (धुण्याचा सोडा) लागतो. दहा टनांचा टँकर रिता झाला तर जवळजवळ अकरा टन सोडा, तोही उष्णता आणि साडेचार टन कार्बन डायऑक्साइडचा फेस सोडत. म्हणून आधी कोरड्या वाळूने, मातीने बांध घालून अडवायचे, पंपाने दुसऱ्या टाकीत उचलायचे, आणि उरलेल्या ओलीवर सोडा. पंप आणि पाइप त्या आम्लाला टिकणारे हवेत, हे वेगळे सांगायला नको. नायट्रिक आम्लावर भुसा टाकला तर भुसा पेटतो. शोषक म्हणून वाळूच बरी. तरंगणारे तेल नाल्यात शिरले असेल तर बांधात तिरका पाइप घालून पाणी खालून सोडायचे. पाण्यापेक्षा जड द्रव असेल तर उलट, पाणी बांधावरून वाहू द्यायचे आणि द्रव तळाशी अडवायचा. अल्कोहोल, ॲसिटोनसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांवर साधा फेस टिकत नाही, त्यांना अल्कोहोलरोधी फेस लागतो. गळतीत ठोकायला मऊ लाकडाच्या पाचरी अजूनही उत्तम. ठिणगी न उडवणारी हत्यारे बहुधा तांब्याच्या मिश्रधातूची असतात आणि अमोनिया तांब्याला खातो, तेव्हा काम झाले की ती लगेच धुवायची.

बाहेर येताना: हत्यारे उंबऱ्यावरच टाकायची, डोक्यापासून खाली भरपूर पाणी, मऊ ब्रश आणि साबण, पुन्हा पाणी, मग सूट आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवायचा आणि मास्क सगळ्यात शेवटी. धुणारेही सुटात. धुण्याचे पाणी ताडपत्रीच्या हौदात. सापडलेल्या नागरिकांसाठी इतका थाट नको: कपडे उतरवले की बहुतेक रसायन गेले, मग जास्त पाणी, कमी दाब, न घासता. त्यांना न धुता रुग्णवाहिकेत कोंबले तर रुग्णवाहिका आणि तातडीचा कक्ष दोन्ही बंद पडतात. फॉस्जीन किंवा नायट्रोजन डायऑक्साइड ओढलेल्या माणसाला सुरुवातीला बरे वाटते आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरते. त्याला ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवू नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल लागले असेल तर धुतल्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल.

नागरिकांनी काय करावे? ढगापासून लांब पळताना वाऱ्याला आडवे जावे, वाऱ्याबरोबर नव्हे. ढग आपल्यापेक्षा वेगवान असू शकतो आणि धावताना श्वास खोल जातो. थोड्या वेळाची गळती असेल तर पुष्कळदा घरातच राहणे बरे: दारे-खिडक्या, पंखे, एसी बंद, फटीला ओले कापड, आणि वायू जड असेल तर वरचा मजला. तळघरात कुणी जाऊ नये. तोंडावरचा ओला रुमाल काही मिनिटे थोडी मदत करतो, एवढेच. तो बांधून मोबाइलवर चित्रण करायला पुढे जाणाऱ्यांचे काय करावे, हे आम्हालाही सुचलेले नाही.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी ‘किती मिनिटांत आत शिरले’ याबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात: यूएन क्रमांक कोणता होता, वारा कुठून होता, पहिला जवान आत गेला तेव्हा धुण्याची जागा तयार होती का, आणि बाहेर राखीव दोघे सूट चढवून उभे होते का. यांतल्या शेवटच्या दोन प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आले, तर ती बातमी पहिल्या पानावर घ्यावी.

आपले,
रासायनिक दुर्घटनांचे प्रशिक्षण देणारे काही अग्निशमन प्रशिक्षक